स्त्री-कक्षातली मारामारी आणि रजिस्टरमधलं ‘अचानक’

मनोरुग्णालयांबद्दल मला येणारी पत्रं वेगवेगळ्या हातांची असतात, शंका मात्र फिरून तीच. बाईमाणूस, त्यात आजारी, ती दुसऱ्याचं डोकं कशी फोडेल? मी बरीच वर्षं बंदिस्त स्त्री-कक्षात काम केलं आहे. फोडते. का, कधी आणि त्याआधी काय घडलेलं असतं, हे विचारणारे कमी. या वेळी तेवढेच प्रश्न निवडले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या माणसाचा निर्णय तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. हे वाक्य खाली पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

प्रश्न : सुरक्षित मनोरुग्णालय आणि तुरुंग यात फरक काय? दारं दोन्हीकडे बंदच.

सुरक्षित मनोरुग्णालय म्हणजे आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्यांवर बंद दाराआड उपचार करणारं रुग्णालय. तुरुंगातून सुटका शिक्षा संपल्यावर होते, इथून आजार आणि धोका आटोक्यात आल्यावर. आणि ते कोर्ट किंवा कायद्याने नेमलेलं मंडळ ठरवतं.

प्रश्न : स्त्री रुग्ण पुरुषांपेक्षा कमी हिंसक असतात, हे तरी खरं ना?

रस्त्यावरच्या गुन्ह्यांबद्दल विचारत असाल तर खरं. मनोरुग्णालयाच्या दाराआड मात्र हा फरक जवळजवळ पुसला जातो. बायकांकडून होणारी इजा बहुतेक वेळा कमी गंभीर असते, पण घटनांची संख्या पुरुष-कक्षाच्या बरोबरीची, कधी जास्तही. आणि त्यातल्या बऱ्याचशा घटना दोन-चार जणींच्याच नावावर असतात. उरलेल्या कक्षाला उगीच बट्टा लागतो.

आपल्याला हे खरं वाटत नाही, कारण डॉक्टरांनाही वाटत नाही. १९९३ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये एक अभ्यास झाला. तातडीच्या विभागात आलेल्या मनोरुग्णांपैकी पुढे कोण हिंसा करेल, हे तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना सांगायचं होतं. पुरुषांच्या बाबतीत त्यांचा अंदाज बऱ्यापैकी लागला. बायकांच्या बाबतीत नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं, इतका चुकला. बायकांकडून होऊ शकणारी हिंसा त्यांनी सरळ कमी धरली होती. पुढे अमेरिकेतल्याच मॅकआर्थर नावाच्या मोठ्या अभ्यासात हजाराहून अधिक रुग्णांचा डिस्चार्जनंतर वर्षभर माग ठेवला गेला. त्यात हिंसा करणाऱ्या स्त्रियांचं आणि पुरुषांचं प्रमाण फारसं वेगळं निघालं नाही. वेगळी निघाली ती जागा. बायकांची हिंसा जास्त करून घरात झाली, घरच्यांवर झाली, आणि ती पोलिसांपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत कमी वेळा पोहोचली.

जाता जाता एक जुनी गोष्ट. इंग्लंडचं ब्रॉडमूर हे सुरक्षित रुग्णालय १८६३ साली उघडलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली रुग्ण स्त्री होती. आरोप होता अपत्यहत्येचा. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजार प्रसूतींमागे एक-दोघींना होतो. तो वेळीच ओळखला तर बरा होतो. ‘बाळंतिणीला असं होतंच’ म्हणत आठवडे काढू नका. बाळंतीण झोपत नसेल, भलतंसलतं बोलत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : पौर्णिमेला आणि पाळीच्या दिवसांत या बायका जास्त आक्रमक होतात का?

पौर्णिमेला नाही.

पाळीपूर्वीच्या आठवड्यात काही जणींची चिडचिड किंवा मूळ आजार वाढतो. सगळ्यांचा नाही. खात्री करायची असेल तर सलग दोन-तीन महिने तारखा आणि घटना शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा कागद भरल्यावर असं दिसतं, की घटना पाळीच्या नसून सुट्टीच्या दिवसांच्या आहेत, जेव्हा कक्षात माणसं कमी असतात.

प्रश्न : मी परिचारिका आहे. आमच्याकडे काही रुग्ण शांत बसलेल्या असतात आणि अचानक अंगावर येतात. आधी काहीच कळत नाही. अशांना ओळखायचं कसं?

सिस्टर, तुमच्यावर रागवत नाही, पण या एका शब्दाशी माझं जुनं वैर आहे. घटनेच्या रजिस्टरमध्ये ‘अचानक’ लिहिलेलं दिसलं, की मी पेन खाली ठेवते आणि लिहिणारीला समोर बसवते.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. रजिस्टरमध्ये नोंद होती, ‘सायं. ६.४० वा. रुग्णाने विनाकारण व अचानक ड्यूटीवरील सिस्टरच्या कानशिलात मारली.’ आम्ही घड्याळ उलटं फिरवत गेलो. चार वाजता तिने फोन करायला मागितला होता, मुलाचा वाढदिवस होता. उत्तर मिळालं, ‘थांब जरा.’ पावणेपाचला पुन्हा विचारलं. तेव्हा ड्यूटी बदलताना काम सोपवणं, म्हणजे हॅंडओव्हर, चालू होता, कोणी मान वर केली नाही. साडेपाचला नव्या ड्यूटीच्या सिस्टर म्हणाल्या, ‘फोनचं सकाळच्यांना विचार.’ सकाळचे घरी गेले होते. त्यानंतर ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लागली, हे परिचराने पाहिलं होतं. चप्पल काढून जाळीवर आपटत होती, हे स्वयंपाकघरातल्या बाईंनीही ऐकलं होतं. सहाला तिने ताट परत केलं. ६.४० ला नव्या सिस्टर औषधाची ट्रे घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चल, तोंड उघड.’

आता सांगा, यात अचानक काय होतं? दोन तास चाळीस मिनिटं ती सांगत होती. शेवटचं वाक्य तेवढं हाताने सांगितलं.

नॉर्वेत तयार झालेली ब्रॉसेट नावाची एक साधी यादी आहे. सहा गोष्टी पाहायच्या : गोंधळलेली आहे का, चिडचिड करते का, आरडाओरडा-आदळआपट करते का, तोंडी धमकी देते का, हात उगारते का, वस्तूंवर राग काढते का. आहे तर एक, नाही तर शून्य. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजायचं ते ‘तिच्या नेहमीपेक्षा जास्त’ आहे का, यावर. जी बाई रोजच मोठ्याने बोलते तिचा आवाज मोजायचा नाही. जी कधीच बोलत नाही ती आज पुटपुटते आहे, ते मोजायचं. बेरीज शून्य असेल तर धोका कमी, एक-दोन असेल तर तयारीत राहा, तीन किंवा त्याहून जास्त झाली तर तातडीने काहीतरी करा. भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या तीव्र आजाराच्या कक्षांत ही यादी नियमित भरून, त्या त्या आकड्याला काय करायचं हे आधी ठरवून ठेवलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला : गंभीर हल्ले सुमारे ४० टक्क्यांनी घटले. नुसती यादी भरून फाइलला लावली तर काहीही घटणार नाही, हेही लिहून ठेवा. अशा भरलेल्या फाइली मी ढिगाने पाहिल्यात.

‘सेफवॉर्ड्स’ नावाच्या पद्धतीबद्दलही वाचा. लंडन परिसरातल्या ३१ कक्षांत दहा साधे बदल करून पाहिले गेले. ‘नाही’ म्हणताना शब्द कसे वापरायचे, वाईट बातमी रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी स्टाफला कशी कळवायची, घटना घडून गेल्यावर बाकीच्या घाबरलेल्या रुग्णांजवळ जाऊन बसायचं, असल्या गोष्टी. २०१५ च्या अहवालात भांडणतंट्याचे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि बांधणं-कोंडणं-इंजेक्शन यांसारखे उपाय २६ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद आहे. नवी इमारत नाही, नवं औषध नाही.

लगेच ‘आमच्याकडे चाळीस रुग्णांमागे दोनच सिस्टर’ असं पत्र येईल. येऊ द्या. ती तक्रार खरी आहे आणि ती वरच्यांकडे लेखी गेलीच पाहिजे. पण ‘फोन सात वाजता देते, मीच देते’ हे सांगायला तिसरी सिस्टर लागत नाही. आणि सात वाजता फोन द्यायचा. नाही दिला तर पुढच्या घटनेची नोंद करताना पहिलं वाक्य तेच लिहायचं.

खरोखर इशारा न देता हल्ला करणाऱ्या रुग्ण असतातच. कानात ‘मार तिला’ असा आवाज येत असतो, किंवा अपस्माराच्या झटक्यानंतरचा गोंधळ असतो, थायरॉइडचा, संसर्गाचा, साखर उतरल्याचा परिणाम असतो. म्हणून शांत स्वभावाची बाई एकाएकी बदलली, तर राग ‘समजून घेत’ बसू नका. आधी नाडी, ताप, साखर पाहा आणि डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : माझी मुलगी स्वतःचे हात कापून घेते आणि अडवायला गेलेल्यांना चावते. हे दोन वेगळे आजार आहेत का? स्टाफपैकी एक जण म्हणाली, ‘नाटकं करते.’

बहुधा वेगळे नाहीत. स्त्री-कक्षात हे दोन्ही हातात हात घालून येतं. डोकं भिंतीवर आपटणारीला चौघी धरायला धावतात, त्या झटापटीत कोणाला तरी लागतं आणि कागदावर फक्त ‘कर्मचाऱ्यावर हल्ला’ उरतो. सुरुवात तिच्या स्वतःच्या डोक्यापासून झाली होती, हे कुठे लिहिलंच जात नाही.

‘नाटक’ हा शब्द कोणी वापरला तर नम्रपणे विचारा, कशासाठी करते आहे? उत्तर देता आलं तर ते उत्तर म्हणजेच उपचाराची सुरुवात. आणि ‘लक्ष वेधून घ्यायला’ असं उत्तर आलं, तर मग लक्ष द्यायला काय हरकत आहे?

सुरक्षित कक्षात येणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांनी लहानपणी किंवा लग्नानंतर मारहाण, लैंगिक अत्याचार सोसलेले असतात. अशा बाईला तीन पुरुषांनी जमिनीवर दाबून धरलं, की ती त्या खोलीत उरत नाही, जुन्या खोलीत जाते. ती चावते ते तिथल्या माणसाला. भावनांचा असा भडका पुन्हा पुन्हा उडणाऱ्यांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी बेतलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची, बोलून आणि सराव करून घ्यायची उपचारपद्धती आहे. तिला काही महिने लागतात आणि प्रशिक्षित माणूस लागतो. चार सत्रांत बरं करून देणाऱ्यांपासून लांब राहा. तुमच्या मुलीला ती लागू पडेल का, हे तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, आणि हे भेटीच्या दिवशी घाईत नको, वेगळी वेळ मागून.

प्रश्न : दुसऱ्या रुग्णाने माझ्या बहिणीला मारलं. स्टाफ म्हणतो, ‘दोघींचं आपसातलं भांडण.’

डोक्याला मार असेल तर आधी तपासणी, मग बाकीचं. उलटी, वाढती गुंगी, बोलण्यात अडखळ दिसली तर लगेच कळवायला सांगा. घटना लेखी नोंदवली का ते विचारा. बहिणीचा पलंग बदलून मागा. पोलिसात जाण्याचा तिचा हक्क रुग्ण आहे म्हणून संपत नाही.

अशी भांडणं बाहेरच्यांना हास्यास्पद वाटतात. एका कंगव्यावरून दोघींना टाके पडलेले मी पाहिले आहेत. जिच्याकडे जगात कंगवा, साबणाची वडी आणि एक स्वेटर एवढंच स्वतःचं उरलं आहे, तिचा कंगवा उचलणं म्हणजे घरफोडी. प्रत्येकीला कुलूप असलेला एक छोटा कप्पा द्या, असं मी कित्येकदा लिहून दिलं. उत्तर आलं, कुलपाचा हत्यार म्हणून वापर होईल. कंगव्याचा झाला, त्याचं काय?

प्रश्न : माझ्या मुलीला बांधून ठेवलं होतं, असं ती सांगते. हे कायदेशीर आहे का?

देशागणिक नियम वेगळे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे, एकटीला कोंडून ठेवायलाही बंदी आहे. शारीरिक बंधन फक्त तिला किंवा इतरांना होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या मंजुरीने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी म्हणून नाही. कारण, पद्धत आणि वेळ केसपेपरवर लिहावी लागते आणि तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तिच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांच्या आत कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये देखरेखीखाली वेगळ्या खोलीत ठेवायची मुभा आहे, पण बळाच्या वापरावर २०१८ चा स्वतंत्र कायदा आहे.

तुम्ही एवढंच विचारा : किती वाजता बांधलं, किती वाजता सोडलं, कोणी मंजुरी दिली, मधल्या वेळात श्वास-नाडी कोणी पाहिली, पाणी आणि स्वच्छतागृहाचं काय केलं? पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं होतं का, हेही विचारा, कारण त्याने श्वास कोंडून माणसं मेली आहेत. उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा. ते मिळेना तर कायदा जाणणाऱ्या वकिलाशी किंवा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाशी बोला. आणि हे या आठवड्यात करा. सहा महिन्यांनी कागद सापडत नाहीत, हा माझा अनुभव.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा मोठं इंजेक्शन देऊन झोपवत का नाहीत?

कारण झोप उतरते.

तातडीला इंजेक्शन लागतं, आणि त्याचाही नीट अभ्यास झालेला आहे. वेल्लोरला २०० रुग्णांवर लोराझेपाम विरुद्ध हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन हे जोडऔषध अशी तुलना झाली, २००४ मध्ये छापून आली. चार तासांनी दोन्ही गट जवळजवळ सारखेच शांत होते. जोडऔषधाने शांतता लवकर आली. पण इंजेक्शननंतर नाडी, रक्तदाब, श्वास पाहत राहावं लागतं. ‘झोपली, सुटलो’ म्हणून दार ओढून घेणं हा गुन्ह्याइतका निष्काळजीपणा आहे.

लांबच्या उपचारात क्लोझापिन हे औषध स्किझोफ्रेनियातली हट्टी आक्रमकता खाली आणतं, मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी नियमित तपासण्याच्या अटीवर. आणि फिट किंवा मनाचे चढउतार आवरायला दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट चालू असेल तर मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येकीच्या घरच्यांनी कान देऊन ऐकावं : गरोदरपणात ते घेतलं तर दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग येतं आणि दहातल्या तीन-चार मुलांची वाढ-शिक्षण मागे पडतं. हे वाचून गोळी स्वतः बंद करू नका. डॉक्टरांना भेटा, याच आठवड्यात.

प्रश्न : ‘राग शमवणारे थेंब’ जेवणात नकळत घालता येतात म्हणे. शिवाय मेंदूचं मॅपिंग करून हिंसा आधीच कळते, अशी जाहिरात पाहिली.

थेंबात काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, आणि असतं तेव्हा वाचून घाम फुटतो. दुसरं असं, की जिला ‘घरचे माझ्या जेवणात काहीतरी कालवतात’ असा भ्रम आहे, तिच्या जेवणात तुम्ही खरंच काहीतरी कालवलंत, तर भ्रम कोणाचा उरला? एकदा तिला कळलं की ती औषधही सोडते आणि जेवणही.

मॅपिंगने कोण कधी मारेल हे सांगता येत नाही. पैसे ठेवा. धोका पाहायची गंभीर साधनं कंटाळवाणी असतात. एचसीआर-२० मध्ये वीस मुद्दे आहेत, स्त्रियांसाठी त्याला एफएएम (फीमेल अ‍ॅडिशनल मॅन्युअल) ही पुरवणी जोडली गेली, आणि ती भरायला जुने कागद वाचत, तिच्याशी आणि घरच्यांशी बोलत तास न् तास जातात. त्यातून एक आकडा बाहेर पडत नाही, ‘कोणत्या परिस्थितीत, कोणावर, कशामुळे’ हे निघतं.

प्रश्न : मी परिचर आहे. पाच दिवसांपूर्वी रुग्ण हाताला चावली. आता थोडं दुखतंय. काय करू?

पाच दिवस काय करत होता? आजच डॉक्टरांकडे जा, हे वाचून संपवायच्या आधी गेलात तरी चालेल.

इतरांसाठी : कातडी फाटली असेल तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीचं पाहावं लागतं. एचआयव्हीचा धोका चाव्यातून फार कमी, पण प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. दात रुतलेले असताना हात ओढायचा नाही, ओढल्याने मांस फाटतं. सोडवायची रीत प्रशिक्षणात शिकून घ्या आणि ते प्रशिक्षण मागा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच बहिणीला भेटायला जाणार आहे. काय न्यावं, काय बोलावं?

वस्तूंची यादी कक्षातून मागून घ्या. दोरी, काच, धार असलेलं काही नको, नाडीचे कपडेही बहुधा परत येतील.

बोलण्याबद्दल जास्त सांगायचं आहे. घर विकलं, वडील आजारी आहेत, नवऱ्याने दुसरं लग्न केलं, असल्या बातम्या नातेवाईक नेमक्या शेवटच्या पाच मिनिटांत सांगतात, घंटा वाजली की डोळे पुसत निघून जातात. त्या रात्री कक्षात काय होतं हे त्यांना कधीच कळत नाही. वाईट बातमी सांगायची असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, केव्हा आणि कोणासमोर सांगायची ते ठरवा. सांगितलीत, तर निघताना ड्यूटीवरच्या सिस्टरना दोन वाक्यांत कळवा की काय बोलणं झालं. त्यांनी नुसती मान हलवली, तर समोरच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लावा, वेळेसकट.